सा कुठून धरायचा?

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. राजा सिंघणाच्या पदरी तो राज्याचा हिशेब पाहायचा आणि त्यातून वेळ काढून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. आज उत्तरेतले आणि दक्षिणेतले दोन्हीकडचे संगीतकार या ग्रंथाला आपला मानतात. त्यात संगीताची व्याख्या सुरुवातीलाच येते: गाणे, वाजवणे आणि नाचणे हे तिन्ही मिळून संगीत. संगीताच्या पहिल्या परीक्षेला बसणारी मुले हे वाक्य वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि पेटीसमोर मांडी घालून बसतात. नाचणे व्याख्येत राहते, वर्गात येत नाही.

अक्कलकुवा तालुक्यात मोलगीजवळ काठी नावाचे गाव आहे. तिथली राजवाडी होळी १२४६ पासूनची सांगितली जाते, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने ती शार्ङ्गदेवाच्या काळातली. होळीच्या रात्री सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून माणसे येतात, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही येतात. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या ढोल-बासरीच्या संगतीने रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. तिथे कोण गाणारा, कोण वाजवणारा, कोण नाचणारा असे वेगळे काढताच येत नाही. नाचणाऱ्याच्या कमरेलाच वाद्य बांधलेले असते. शार्ङ्गदेवाची व्याख्या ज्याला डोळ्यांनी पाहायची आहे, त्याने काठीला जावे.

हे मुद्दाम सांगतो, कारण संगीतशास्त्राचे शब्द म्हणजे शहरातून, पुस्तकातून आलेले काहीतरी अवघड प्रकरण, अशी भीती तालुक्याच्या गावातल्या मुलांच्या मनात असते. नाद, स्वर, सप्तक, थाट, मात्रा, सम, आवर्तन या गोष्टी त्यांच्या कानांना आणि पायांना आधीच ठाऊक असतात. या प्रकरणात फक्त नावे जोडायची आहेत. आणि त्या सगळ्या नावांत दोनच खुंट्या पक्क्या रोवायच्या: सुरात ‘सा’ आणि तालात ‘सम’. बाकीचे शब्द या दोन खुंट्यांपासून मोजलेली अंतरे आहेत.

आधी नाद. कानाला गोड लागणारा, स्थिर कंपनांचा ध्वनी म्हणजे नाद, असे पुस्तकात असते. त्याचे तीन गुण सांगतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या दोनांत नवशिका हमखास घोटाळा करतो. ‘वरच्या पट्टीत गा’ म्हटले की तो मोठ्याने ओरडतो. त्याला ढोल आणि बासरी शेजारी शेजारी ऐकवावी. ढोलाचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो, पण त्याचा नाद खालचा, जाड. बासरी अगदी हळू फुंकली तरी तिचा नाद उंच. आवाज किती लांब जातो हा लहानमोठेपणाचा प्रश्न, आणि तो एका सेकंदात किती वेळा कंप पावतो हा उच्चनीचतेचा. कंपने जास्त तर नाद उंच. तिसरा गुण जाती: डोळे मिटूनही ही बासरी आणि ही पेटी, हे आपण ओळखतो ते जातीमुळे. दोघींनी एकच स्वर तेवढ्याच जोराने वाजवला तरी ओळखतो.

आता स्वर. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही सातांची पूर्ण नावे. गाताना सा रे ग म प ध नी. यातले सा आणि प अचल. रे, ग, ध, नी आपल्या जागेवरून खाली उतरले की कोमल होतात, आणि म वर चढला की तीव्र. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, असे बारा स्वर झाले. कोमल म्हणजे हळू आवाजात म्हणायचा स्वर नव्हे. तो फक्त खालच्या जागेवरचा स्वर आहे आणि तो खणखणीत आवाजातही लावता येतो. जुन्या ग्रंथांत प्रत्येक स्वर एकेका पशुपक्ष्याच्या आवाजाशी जोडला आहे आणि षड्ज मोराला दिला आहे. ती लक्षात ठेवण्याची युक्ती समजावी. सातपुड्यातल्या मुलाने मोराच्या ओरडण्यात सा शोधत बसू नये.

मग सा सापडतो कुठे? पेटीवरच्या एखाद्या ठरावीक पट्टीत तो नसतो, ही गोष्ट पहिल्या महिन्यात कळली तर पुढचे बरेच सोपे होते. पेटीवरच्या पट्ट्यांना आपल्याकडे पांढरी एक, काळी एक, काळी दोन असे म्हणतात. ही जागांची नावे आहेत, स्वरांची नव्हेत. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एकच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. ज्याने जिथे सा धरला तिथे त्याचा सा, आणि रे-ग-म त्याच्यापासून मोजायचे. म्हणून ‘मी काळी चारमध्ये गाते’ याचा अर्थ एवढाच, की तिचा सा त्या पट्टीवर आहे.

हे मोजमाप मनमानी नाही. जुन्या क्रमिक पुस्तकांत मध्य सप्तकाच्या साला सेकंदाला २४० आंदोलने धरलेली असतात. मग पंचम ३६०, म्हणजे दीडपट, आणि वरचा सा ४८०, म्हणजे बरोबर दुप्पट. सा कुठेही हलवा, दीडपट आणि दुप्पट हलत नाही. एका सापासून दुप्पट कंपनांच्या साच्या खालपर्यंत जे सात शुद्ध स्वर येतात ते सप्तक. खालचे मंद्र, मधले मध्य, वरचे तार. घरातले वडीलधारे पुरुष आणि लहान मुले मिळून आरती म्हणतात तेव्हा मुले नकळत एक सप्तक वर असतात आणि तरीही सगळे एकाच सुरात आहेत असे वाटते. सप्तकाची एवढी ओळख कानाला लहानपणीच झालेली असते.

बासरी हाताशी असेल तर सप्तक बोटांनी समजते. आडव्या धरलेल्या सहा भोकांच्या बासरीवर फुंकीकडची पहिली तीन भोके बंद केली की सा. चौथेही बंद केले की खालचा नी, पाचवे बंद केले की ध, सहाही बंद केली की मंद्र पंचम. उलट सापासून एक भोक उघडले की रे, आणखी एक उघडले की ग. शुद्ध मध्यमाला पहिले भोक अर्धे दाबावे लागते, आणि सगळी भोके मोकळी सोडली की तीव्र मध्यम येतो. भोके बंद होतील तशी बांबूच्या नळीत थरथरणारी हवेची लांबी वाढते, कंपने कमी होतात, स्वर उतरतो. याहून जास्त सिद्धान्त त्यात नाही. हाच बांबू लांब घेतला की सगळी बासरी खालच्या सापासून बोलते. पन्नालाल घोष यांनी लांब, जाड बासरी मैफिलीत आणली ती या खालच्या नादासाठी, खर्जासाठी.

साला धरून ठेवणारे वाद्य तंबोरा. चार तारा: पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन साच्या जोडीच्या, शेवटची खर्जाच्या साची. तमाशातले किंवा वाघ्या-मुरळीच्या जागरणातले तुणतुणेही एकाच तारेवर हेच काम करते. तंबोरा नीट लागला की एक चमत्कार होतो. खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गांधार ऐकू येऊ लागतो. तार अखंड थरथरते तशी पाच सारख्या भागांतही थरथरत असते. त्या पाचपट कंपनांचा तो स्वर असतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. शिकणाऱ्याने पहिल्यांदा तो ऐकला की त्याचा कान उघडला असे समजायला हरकत नाही.

इथे पेटीबद्दल खरे ते सांगायला हवे. सा २४० धरला तर तंबोऱ्यातला हा गांधार मध्य सप्तकात आणून मोजला की ३०० येतो. पेटीवरचा गांधार ३०२.४ असतो. कारण पेटीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सा धरता यावा. सोय मोठी आहे, पण किंमतही आहे. बावीस श्रुतींचा विचार करणाऱ्यांना पेटी खुपली ती याच कारणाने. सप्तकात कानाला वेगळ्या कळणाऱ्या सूक्ष्म जागा बावीस, अशी परंपरा आहे: सा, म, प यांच्या चार-चार, रे आणि ध यांच्या तीन-तीन, ग आणि नी यांच्या दोन-दोन. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या मदतीने या श्रुतींची गणिते मांडली आणि १९१० मध्ये ती छापली. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीला बंदीच घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. माझे मत विचाराल तर, सुरुवातीला पेटी वापरावी, कारण ती जवळपासच्या भजनी मंडळात, शाळेत मिळते. पण गळा तंबोऱ्यावर घडवावा. पेटीवर बोट ठेवून ठेवून शिकलेला गळा पुढे पेटीशिवाय चाचपडतो.

पेटीचा एक उपयोग मात्र दुसऱ्या कशाने होत नाही. सा म्हणजे काय, हे ती एका खेळात समजावते. पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त पाच काळ्या. काळी तीनला सा माना आणि पुढच्या काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवा. सा रे ग प ध येतील: हे भूप रागाचे स्वर. आता त्याच पाच पट्ट्या, पण काळी एक हा सा. सा रे म प ध: हे दुर्गा रागाचे. काळी दोन हा सा धरा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी. काळी चार सा केला की सा रे म प आणि कोमल नी, मेघाच्या वाटेचे. काळी पाच सा केला की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी: मालकंस. पट्ट्या त्याच, कंपने तीच. बदलला तो फक्त सा, आणि बाकीच्या प्रत्येक पट्टीचे नाव, नाते आणि रंग बदलून गेला. सा वाजत राहावा म्हणून दुसऱ्या कुणीतरी ती पट्टी दाबून धरावी, नाहीतर कान जुन्याच साकडे ओढला जातो. हा खेळ दोघांनी मिळून अर्धा तास खेळला तर व्याख्यांचे पान न वाचताही चालेल. स्वरांची मालिका तशीच ठेवून आरंभाचा स्वर बदलण्याच्या या प्रकाराला मूर्च्छना म्हणतात. हा शब्दही शार्ङ्गदेवाच्या आधीपासूनचा आहे.

पण हे स्वर म्हणजे राग नव्हे. इथे थाट आणि राग यांतला फरक येतो आणि परीक्षेतला सर्वांत आवडता प्रश्नही. थाट म्हणजे सात स्वरांचा साचा. तो गायचा नसतो, रागांची वर्गवारी करायला असतो. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानभर फिरून, घराण्यांच्या बंद पेट्या उघडवून बंदिशी गोळा केल्या आणि रागांना दहा थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरव, भैरवी, पूर्वी, मारवा, तोडी. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा मोठा ग्रंथ मराठीत आहे, ही मराठी विद्यार्थ्याला केवढी सोय! दहा थाटांत सगळे राग चपखल बसत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. तरी नवशिक्याला उभे राहायला जागा मिळते, आणि शंभर वर्षांत याहून सोपी व्यवस्था शाळा-वर्गांत रुळलेली नाही.

राग म्हणजे त्या स्वरांचे चालणे. किती स्वर घ्यायचे, वर जाताना कोणते आणि खाली येताना कोणते, कुठे थांबायचे, कुठून वळायचे. वर जाणे आरोह, खाली येणे अवरोह. पाच स्वर असले तर औडव, सहा असले तर षाडव, सातही असले तर संपूर्ण. ही रागाची जाती, आणि नादाच्या जातीशी हिचा संबंध नाही. भूप दोन्हीकडे औडव आहे. भीमपलास चढताना औडव, उतरताना संपूर्ण. जो स्वर घ्यायचाच नाही तो वर्ज्य. भूपात मध्यम आणि निषाद. ज्याच्यावर रागाचा भार तो वादी, त्याला साथ देणारा संवादी. रागाची ओळख पटवणारा छोटा स्वरसमूह म्हणजे पकड.

वादी हा शब्द भूप आणि देसकार शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध, सगळे शुद्ध. भूपाचा वादी गांधार. तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि गाणारा पुन्हा पुन्हा गांधारावर येऊन विसावतो. सगळा राग सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो. देसकाराचा वादी धैवत. तो सकाळचा राग आणि त्याचा जीव वरच्या अर्ध्यात, तार सापाशी. भूप कल्याण थाटातला मानला जातो, देसकार बिलावल थाटातला, जरी दोघांत मध्यमच नाही. स्वर मोजून राग ओळखता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

रागाच्या आधी धून होती. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात कुमार गंधर्व माळव्यात देवासला राहायला गेले. गाणे बंद होते, ऐकणे चालू होते. बाहेर बायका जी लोकगीते गायच्या, त्यांच्या चार-पाच स्वरांच्या चाली त्यांनी कानात साठवल्या, टिपून काढल्या आणि त्यांतून पुढे मालवती, संजारी, लगनगांधार यांसारखे धुनउगम राग आले. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनुपरागविलास’ प्रसिद्ध झाला. शास्त्र लोकसंगीतापेक्षा वरचे, असे समजणाऱ्याने हा इतिहास वाचावा. अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तर अंगाने नर्मदा वाहते आणि तिच्या पलीकडे, निमाड ओलांडले की माळवा आहे. माळव्याच्या चालींचे जसे टिपण झाले, तसे सातपुड्यातल्या चालींचे स्वरलेखन करणारा कुणी इथल्याच मुलांमधून निघावा.

सुराची खुंटी सा, तशी तालाची खुंटी सम. काल मोजण्याचे एकक म्हणजे मात्रा. मात्रांची ठरावीक संख्या पुन्हा पुन्हा फिरत राहते, तिची एक फेरी म्हणजे आवर्तन. त्या फेरीची पहिली मात्रा सम. फेर धरून नाचणाऱ्याला आवर्तन वेगळे समजावावे लागत नाही. पाऊल फिरून पहिल्या जागी कधी पडणार हे त्याला आधीच कळलेले असते, म्हणून तर पन्नास जणांचे पाऊल एकदम पडते. गायक समेवर येतो आणि श्रोत्यांच्या माना हलतात, तेव्हा तिथेही हेच घडत असते.

तीनतालात सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. बोटांवर मोजत हे चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर टाळी, नववीवर खाली, तेरावीवर पुन्हा टाळी. खालीला हात बाजूला उघडतात, टाळी देत नाहीत. ती खाली कानांना कशी कळते? धिंच्या जागी तिं आला, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डग्गा गप्प झाला. बोलांतला जाड आवाज नाहीसा होतो आणि चौदाव्या मात्रेवर धिं करत परत येतो. तो परत आला की ऐकणाऱ्याला कळते, सम जवळ आली. ढोलालाही जाड आणि बारीक अशी दोन तोंडे असतात. वाजवणारा जाड बाजू कधी मोकळी सोडतो हे लक्ष देऊन ऐकावे.

दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा, रूपक सातांचा, झपताल दहांचा, एकताल बारांचा. यात रूपकाचे वेगळेपण हे की त्याच्या समेवरच खाली असते. तबल्याच्या ठरलेल्या बोलांना ठेका म्हणतात, तालाच्या रचनेला ताल, आणि दोन मात्रांमधल्या सारख्या अंतराला लय. ‘लय वाढली’ म्हणजे हे अंतर कमी झाले; ताल बदलला नाही. संथ लय विलंबित, मधली मध्य, जलद ती द्रुत. हे तीन शब्द, ताल, ठेका आणि लय, एकमेकांच्या जागी वापरायची सवय एकदा लागली की सुटत नाही. ती लागूच देऊ नये.

हे सारे कागदावर लिहिण्याची भातखंड्यांची पद्धत दहा मिनिटांत येते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्राच्या खाली बिंदू, तारच्या वर बिंदू, शुद्ध मध्याला काहीच नाही. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना दोन, तीन असे आकडे. विष्णू दिगंबर पलुस्करांची चिन्हे वेगळी आहेत. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत शाळेच्या वर्गात आणून बसवले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना आजही महाराष्ट्रभरची मुले बसतात.

आश्रमशाळांत आणि तालुक्याच्या शाळांत संगीत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. व्याख्या लिहून देण्याच्या आधी वर्गात गावातली बासरी आणि गावातला ढोल आणा, आणि ते वाजवणाऱ्या माणसालाही बोलवा. सा तो कुठे धरतो, फेरी कितीची आहे, हे मुलांनाच मोजू द्या. आणि ज्यांना गुरू अजून मिळालेला नाही त्यांच्यासाठी: तंबोरा नसला तरी अडत नाही. मोबाइलवर तंबोरा फुकट मिळतो, त्यात पट्टी निवडता येते. आपल्या गळ्याला ताण न पडता खालचा पंचम आणि वरचा सा दोन्ही लागतील अशी पट्टी शोधा, आणि रोज सकाळी दहा मिनिटे फक्त सा लावा. रे दुसऱ्या महिन्यात शिकलात तरी चालेल.